वॉरिनच्या बाप्तिस्म्याचे बारा साक्षीदार

"तीनच पाय," पेट्रोनिलाने पुन्हा एकदा बजावलं. "त्याहून जास्त मोडलेले पाय मला चालायचे नाहीत."

मुदपाकखान्यात बारा माणसं टोप्या हातात धरून दाटीवाटीने उभी होती. बाहेर अंगणात सेंट मार्टिनच्या सणाचं पहिलं डुक्कर कापायला घेतलं होतं आणि त्याच्या ओरडण्यामुळे प्रत्येक वाक्य दोनदा बोलावं लागत होतं.

"पण बाईसाहेब, माझा खरंच मोडला होता," छपरं शाकारणारा हॉब म्हणाला.

"कधी?"

"ते कधी ते आता... पण मोडला होता, एवढं नक्की." त्याने पायमोजा खाली ओढून नडगी दाखवली. सगळ्यांनी वाकून पाहिलं. नडगी वाकडी होती खरी.

"बरं. हॉबचा एक पाय. जेफ्री, तुमचं काय?"

गिरणीवाला जेफ्री खाकरला. "माझी बायको त्या दिवशी पळून गेली."

"काल तर गिरणीवर तिनेच मला पीठ मोजून दिलं!"

"परत आली ना मग."

स्कॅल्डबी गावात कोण कधी जन्मलं हे लिहून ठेवायची पद्धत नव्हती. ती कुठेच नव्हती. एखादा वारस वयात आल्याचं सांगू लागला की राजाचा अधिकारी यायचा, गावातली बारा माणसं पुढे बोलवायचा आणि विचारायचा, याचा बाप्तिस्मा तुम्हाला कसा आठवतो? आणि माणसाला परक्याच्या घरचं कार्य कसं आठवणार? स्वतःवर काही बेतलं असेल तरच आठवणार. म्हणून बॅरन जोसलिन यांनी आपल्या मुलाच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी चर्चबाहेर पोरसवदा मेंढपाळ वॉटच्या कानाखाली एक सणसणीत ठेवून दिली होती, पोराच्या लक्षात राहावं म्हणून. वॉटच्या ती पक्की लक्षात होती. कशासाठी बसली हे मात्र तो विसरून गेला होता, आणि गेली कित्येक वर्षं त्याचा समज होता की बॅरनसाहेबांचा आपल्यावर राग आहे.

ते बॅरनसाहेबही आता नव्हते. आपल्या गढीभोवतीचा खंदक फार उथळ झालाय असं ते म्हणत होते, आणि गवंडी म्हणत होता, उथळ नाही. गवंड्याला पटवून द्यायला ते चिलखतासकट आत उतरले आणि गवंड्याचं खरं ठरलं. वारस वॉरिन लहान, म्हणून राजाने त्याचं पालकत्व शेजारच्या सर फल्कना देऊन टाकलं. पालकत्व म्हणजे जमीन, जंगल, तळं आणि पोराचं लग्न, सगळं एकाच मुठीत. जंगल तर फल्कने तोडून विकलंच होतं. तळ्यावर पहारा बसला होता. उरलं होतं लग्न. तेही ठरलं होतं, येत्या नाताळाच्या आत, फल्कच्या विधवा बहिणीशी. तिचे तीन नवरे जाऊन झाले होते.

वॉरिन एकवीस वर्षांचा आहे हे आज सिद्ध झालं तर तो मोकळा, नाही झालं तर नाताळात नवरदेव. अडचण एवढीच होती की वॉरिन एकवीस वर्षांचा नव्हता.

हे त्याच्या आईला, पेट्रोनिलाला, ठाऊक होतं. दीर ओडो यांना ठाऊक होतं. या बारा जणांना ठाऊक आहे की नाही, हे तिला कधी कळलं नव्हतं, आणि विचारायची तिची छाती झाली नव्हती. तिला दोन वॉरिन झाले होते. पहिला भर हिवाळ्यात, मेणबत्त्यांच्या सणाला, दारापर्यंत हिम साचलेलं असताना. तो वसंत पाहायच्या आधीच गेला. दुसरा त्याच्या पुढच्या वर्षी, गवतकापणीच्या दिवसांत. दोघांचा धर्मपिता एकच, बॅरनसाहेबांचे मामा, म्हातारे सर वॉरिन. धर्मपित्याचं नाव मुलाला द्यायचं ही रीत, तेव्हा दोघंही वॉरिन. त्यानंतर पहिल्याचं नाव घरात कोणी काढलं नाही. काढणार कसं? ते वापरात होतं.

"वहिनी," ओडो तिच्या कानाशी कुजबुजले, "हे बारा जण आपल्या पहिल्याबद्दल सांगतील ना? की दुसऱ्याबद्दल?"

"पहिल्याबद्दल. म्हणून तर हिमाचं घोकून घेतेय, भावोजी."

"म्हणजे खोटं नाही म्हणायचं."

"अजिबात नाही. हे ज्या मुलाबद्दल सांगतील ते सगळं खरं आहे. फक्त तो मुलगा हा नव्हे."

तेवढ्यात डुक्कर गप्प झालं आणि तिचं शेवटचं वाक्य मुदपाकखान्यात ठणठणीत ऐकू गेलं. अकरा जणांनी खाली मान घातली. चर्चची घंटा वाजवणारा आणि कबरी खणणारा म्हातारा थर्स्टन, जो आतापर्यंत एक शब्द बोलला नव्हता, त्याने मात्र मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"तुम्ही काय सांगणार, थर्स्टन?" तिने विचारलं.

"शपथेवर विचारतील ते सांगेन, बाईसाहेब."

याच्याएवढं भीतीदायक उत्तर तिने त्या सकाळी ऐकलं नव्हतं.

*

राजाचे अधिकारी मास्टर लॅम्बर्ट सर्दीने बेजार झाले होते. मोठ्या दालनात, बॅरनसाहेबांच्या उंच खुर्चीवर, घोंगडी गुंडाळून ते बसले होते, आणि त्यांच्या शेजारी त्यांचा कारकून शाई गोठू नये म्हणून दौत काखेत धरून होता. उजवीकडे सर फल्क, रुंद, लालबुंद, आजच्या निकालासाठी नवा झगा घालून आलेले. त्यांच्या पलीकडे त्यांची बहीण हॅविसबाई, मांडीवर हात ठेवून शांत. दारातून वॉरिन आत आला. डुक्कर धरायला तोच गेला होता, त्यामुळे कोपरापर्यंत रक्त.

"हाच का वारस?" लॅम्बर्टनी विचारलं.

"हाच," पेट्रोनिला म्हणाली. "हात धू रे आधी."

"धुतले की, आईसाहेब," वॉरिन म्हणाला. "हे दुसऱ्या डुकराचं आहे."

हॉबने शुभवर्तमानाच्या पुस्तकावर हात ठेवून शपथ घेतली. त्या दिवशी चर्चच्या छपरावर होतो, हिमावरून घसरलो, पाय मोडला, म्हणून आठवतं. दुसरा साक्षीदार चर्चला जाताना ओढ्यावरच्या बर्फात पडला होता, पाय. तिसरा त्या दुसऱ्याला उचलायला गेला होता, पाय.

लॅम्बर्टनी नाक पुसलं. "मी या परगण्यात वारसांची वयं ठरवत फिरतो. लोक धडधाकट घरी परतलेत असा एक बाप्तिस्मा मला अजून भेटायचाय. इथली पोरं जन्माला येतात की कोसळतात?"

"गाव उताराचं आहे, साहेब," जेफ्री अदबीने म्हणाला. त्याची बायको कशी पळाली हे त्याने इतक्या रंगून सांगितलं, की दाराशी उभ्या असलेल्या बायकोलाही वाईट वाटलं. हिमात तिच्या पावलांचे ठसे उमटले होते, म्हणून सापडली.

इथवर सगळं सुरळीत होतं. मग मेंढपाळ वॉट उभा राहिला.

"मी चर्चपुढे गवत भरत होतो," वॉट म्हणाला, "गाडीवर. आणि बॅरनसाहेब आले आणि एक कानाखाली दिली आणि—"

पेट्रोनिलाने चमकून पाहिलं. वॉटला दुसऱ्या वॉरिनचा बाप्तिस्मा आठवत होता. म्हणजे चपराक तेव्हाची! तिचीच गफलत झाली होती.

सर फल्क ताडकन उठले. "गवत? हिमात गवत? मास्टर लॅम्बर्ट, ऐकलंत? मेणबत्त्यांच्या सणाला गवतकापणी!"

"त्या वर्षी हिम फार लांबलं होतं," जेफ्री बसल्या जागेवरून म्हणाला.

"जूनपर्यंत?"

"कडक वर्ष होतं, मालक. पाकोळ्या आल्या त्यासुद्धा पाठीवर हिम घेऊन आल्या."

"मी शपथेवर सांगतो," पुढचा साक्षीदार पाळी येण्याआधीच उठून म्हणाला. त्याला वाटलं, आपण मदत करतोय. "गवतावर हिम पडलं म्हणून तर वॉटची गाडी घसरली. ती आली थेट माझ्या अंगावर आणि माझा पाय—"

"चौथा," लॅम्बर्ट म्हणाले.

पेट्रोनिलाने डोळे मिटून घेतले.

"म्हणजे," लॅम्बर्ट कारकुनाला सांगू लागले, "त्या दिवशी या गावात हिम होतं, गवतकापणी होती, एक बाई पळाली, एकाला मार बसला, आणि जे चालत होते ते पडले. लिहिलंस? आता मला गरम बिअर द्या कोणीतरी. हे मला अनशापोटी झेपणार नाही."

*

विश्रांती म्हणजे फितुरीची वेळ, हे पेट्रोनिलाला या घरात आल्यापासून माहीत होतं. तिने पाहिलं तर खिडकीशी सर फल्क आणि ओडो खांद्याला खांदा लावून बाहेर बघत होते. बाहेर तळं होतं. फल्कचं बोट तळ्याच्या दिशेने होतं आणि ओडोंचे ओठ अर्धवट उघडे होते. बॅरनसाहेब गेल्यापासून ओडोंच्या गळाला मासा लागला नव्हता, कारण त्यांना तळ्यापाशी कोणी जाऊच दिलं नव्हतं. लग्न नाही, शेती नाही, लढाईची हौस नाही. त्या माणसाला आयुष्यात एक तळं होतं.

ती त्यांच्याकडे निघाली, तेवढ्यात हॅविसबाई वाटेत आडव्या आल्या.

"अहो बाई, जरा इकडे या. आणि माझ्याकडे असं बघू नका. तुमच्या पोराला खायला नाही आले मी."

"तुमच्या भावाने लग्नाचं जेवणसुद्धा ठरवलंय."

"माझा भाऊ घोड्याला नाल ठोकावी तशी माझी लग्नं ठोकतो. मला कोण विचारतंय? तीन नवरे पोचवले मी. तिसरा त्यातल्या त्यात बरा, बोलायचा नाही. आता माझं घर आहे, मधमाश्या आहेत, सकाळी उठून कोणाचे बूट ओढून काढावे लागत नाहीत. चौथा नवरा म्हणजे परत सगळं पहिल्यापासून समजावून सांगायचं. आणि तुमचा हा... चांगला आहे हो, पण त्याला बरंच समजावून सांगावं लागेल."

"बरंच," पेट्रोनिलाला कबूल करावं लागलं.

"तेव्हा होऊ द्या त्याला एकवीसचा. माझी आडकाठी नाही." हॅविसबाईंनी आवाज खाली आणला. "एक विचारू? दोन होते ना?"

पेट्रोनिलाने आधी वॉरिन कुठे आहे ते पाहून घेतलं.

"माझे दोन थॉमस होते," हॅविसबाई म्हणाल्या. "धर्मपिता एकच, मग काय. पहिल्याबद्दल काही बोलायला तोंड उघडलं की लोक म्हणायचे, अहो, हा काय इथे खेळतोय! मग मी बोलणंच सोडलं." त्यांनी पेट्रोनिलाच्या बाहीवरचं पीठ झटकलं, जणू त्यासाठीच थांबल्या होत्या, आणि आपल्या जागेवर जाऊन बसल्या.

ओडो समोर आले ते नजर चुकवत.

"वहिनी, मी आपणहून काही बोलणार नाही."

"आणि विचारलं तर?"

"तळ्यात पाईक मासे फार माजलेत," ओडो म्हणाले. "एकमेकांना खातायत. कोणीतरी लक्ष द्यायला हवं हो."

"भावोजी, त्या दिवशी चर्चमध्ये मेणबत्ती तुमच्या हातात होती."

"होती ना," ओडो म्हणाले, आणि पुन्हा खिडकीबाहेर पाहू लागले.

*

सर्वांत शेवटी थर्स्टन पुढे आला. त्याने पुस्तकावर हात ठेवला आणि तो उचललाच नाही.

"पाय?" लॅम्बर्टनी विचारलं.

"दोन्ही धड आहेत, साहेब."

लॅम्बर्टनी त्या दिवसात पहिल्यांदाच घोंगडीतून मान पूर्ण बाहेर काढली. "बायको?"

"घरी आहे."

"मग तुम्हाला तो दिवस कसा काय आठवतो?"

"घंटा मीच वाजवली, साहेब. दोरी गोठून काठीसारखी झाली होती, ओढता येईना. मग मी वर चढून हातानेच घंटेचा लोळा हलवला. हिवाळा होता. हिम होतं. गवत नव्हतं."

लॅम्बर्टनी मान डोलावली. पेट्रोनिलाला वाटलं, सुटलो. इथेच थांबायला हवं होतं. पण शपथेवर असलेल्या माणसाला अर्धं सांगून थांबता येत नाही, निदान थर्स्टनला तरी येत नव्हतं.

"आणि मग परत वाजवली," तो म्हणाला. "हिम वितळायच्या आधी. त्याच्यासाठीच."

"परत? ती कशासाठी?"

थर्स्टनने पेट्रोनिलाकडे पाहिलं. त्याचा हात पुस्तकावरच होता. "जमीन लोखंडासारखी झाली होती, साहेब. कुदळ लागेना. वर जाळ करून ती मऊ करावी लागली. छोटंसंच होतं खणायचं. पण खोल खणावं लागतं, नाहीतर कोल्हे..."

अंगणात कोणीतरी सुरीला धार लावत होतं ते दालनात ऐकू येत होतं. वॉरिन आपल्या कोपराचं रक्त नखाने खरवडत होता. सर फल्क सावकाश, अगदी चवीने उठले.

"काय पुरलंत तुम्ही, म्हातारबा?"

"मी सांगते," पेट्रोनिला म्हणाली.

"बाईसाहेब," लॅम्बर्ट म्हणाले, "बाईमाणसाची साक्ष इथे चालत नाही."

"साक्ष देत नाहीये. त्यांचं वय झालंय, त्यांना आठवण करून देतेय." तिचा आवाज घरातल्या सामानाची यादी सांगावी तसा निघाला. "कुत्रा होता तो. ह्यांचा लाडका. त्या हिवाळ्यात मेला. ह्यांनी हट्ट धरला, चर्चच्या आवारातच पुरायचा, घंटा वाजवून."

"कुत्र्यासाठी घंटा!" फल्क ओरडले.

"माझे यजमान चिलखत घालून खंदकात उतरले होते, सर फल्क," पेट्रोनिला म्हणाली.

गावातल्या प्रत्येकाने बॅरनसाहेबांना बाहेर काढताना पाहिलं होतं, आणि त्या मानाने कुत्र्यासाठी वाजवलेली घंटा म्हणजे किरकोळ प्रकार होता.

"थर्स्टन," लॅम्बर्टनी विचारलं, "कुत्रा होता?"

म्हाताऱ्याने पुस्तकावरचा हात हळूच उचलला आणि अंगरख्याला पुसला.

"फार गुणी होता, साहेब," तो म्हणाला. "रडायचा नाही फारसा."

"नाव काय त्याचं?" फल्क पेट्रोनिलाच्या अगदी समोर आले. "सांगा. विचार न करता सांगा, बाई! कुत्र्याचं नाव काय होतं?"

तिने कुत्र्यांची शंभर नावं ऐकली होती. त्यांतलं एकही त्या क्षणी सापडलं नाही. तोंडातून एकच नाव आलं, आणि ते इतक्या वर्षांनी, त्याच्यासाठी म्हणून, पहिल्यांदाच आलं.

"वॉरिन."

वॉरिनने वर पाहिलं. "काय, आईसाहेब?"

"तुला नाही रे."

आता संपलं, असं तिला वाटलं. फल्कचा चेहरा उजळू लागला होता. तेवढ्यात मागून मेंढपाळ वॉट म्हणाला, "असेल की. आमच्या बैलाचं नावपण बॅरनसाहेबांनी वॉरिनच ठेवायला लावलं होतं."

"माझ्या धाकट्याचंही," हॉब म्हणाला. "त्यांच्या मामांची इस्टेट होती ना. मामांना पोरबाळ नाही. धनी म्हणाले, गावात जो जन्मेल तो वॉरिन. मामांना आपुलकी वाटली पाहिजे."

"वाटली का?" लॅम्बर्टनी विचारलं.

"सगळं मठाला देऊन गेले," जेफ्री म्हणाला. "म्हणाले, इतक्या वॉरिनांत वाटून प्रत्येकाला काय मिळणार!"

मास्टर लॅम्बर्ट हसले. हसता हसता त्यांना शिंक आली, शिंकता शिंकता पुन्हा हसू आलं आणि कारकुनाच्या काखेतली दौत शेवटी सांडली. पण सर फल्क हसले नाहीत. ते ओडोंकडे वळले.

"सर ओडो. तुम्ही याच घरचे. पुस्तकावर हात ठेवा आणि सांगा, तिथे कुत्रा पुरला की मूल?"

ओडो उभे राहिले. खिडकीतून तळं दिसत होतं; नेमक्या त्याच वेळी एका पाईक माशाने पाण्यावर शेपूट आपटलं. ओडोंनी ते पाहिलं. मग त्यांनी आपल्या वहिनीकडे पाहिलं. ती त्यांच्याकडे पाहत नव्हती. ती जमिनीकडे पाहत होती. आपल्या मुलाला कुत्रा म्हणणारी बाई ओडोंनी याआधी पाहिली नव्हती.

"चावरा होता," ओडो म्हणाले.

"काय?"

"गुणी म्हणतात हे लोक, पण चावरा होता. मला चावला होता."

"कुठे?" लॅम्बर्टनी डोळे पुसत विचारलं.

ओडोंनी क्षणभर विचार केला. "पायाला."

"पाचवा!" मास्टर लॅम्बर्ट म्हणाले आणि टेबलावर थाप मारली. "बस्स. वारस मेणबत्त्यांच्या सणाला जन्मला, हिवाळ्यात, गवत असो वा नसो. एकवीस पूर्ण. सर फल्क, किल्ल्या द्या. असल्या कहाण्या कोणी रचून सांगत नसतं."

हॅविसबाईंनी भावाचा नवा झगा मागून ओढून त्याला खाली बसवलं. "चल आता घरी," त्या म्हणाल्या. "मधमाश्यांना झाकायचंय."

*

संध्याकाळी त्याच दालनात काळी सॉसेजेस आणि बिअर यांची रेलचेल झाली. नवे बॅरन, सर वॉरिन, बापाच्या खुर्चीत बसले होते आणि खुर्ची करकरत होती. पहिला हुकूम वॉरिनने तळ्याचा पहारा उठवायचा दिला होता. ओडो जेवायलाही थांबले नाहीत.

"म्हणजे मी हिवाळ्यातला!" वॉरिन प्रत्येकाला सांगत होता. "मला आपलं उगीच वाटायचं, उन्हाळ्यातला असेन म्हणून. म्हणूनच मला थंडी बाधत नाही बघा." हे सांगताना त्याने दोन लोकरी डगले घातले होते.

पेट्रोनिला त्याच्या शेजारी बसली होती. सगळं मिळालं होतं. उद्या पाद्र्यांकडे जाऊन पापाची कबुली द्यावी लागणार होती, आणि नेमक्या कोणत्या पापाची, हे तिला रात्रीतून ठरवायचं होतं. खोटं बोलल्याची की त्याला दुसऱ्यांदा पुरल्याची.

"थर्स्टन!" वॉरिनने हाक मारली. "अरे, इकडे ये, वर बस. तू होतास ना त्या दिवशी? पाय न मोडलेला एकटा तूच. सांग की, मी कसा होतो?"

थर्स्टन बाकाच्या टोकावर येऊन टेकला. त्याने पेट्रोनिलाकडे पाहिलं. तिने मान हलवली, हो अशी.

"एवढेसे होतात, धनी," थर्स्टन म्हणाला. "माझ्या टोपीत मावला असतात."

"मी?" वॉरिन खूश झाला. "टोपीत! ऐकलंत का, आईसाहेब?"

"ऐकतेय."

"केस काळे. कानाच्या पाळीवरसुद्धा लव होती. पाण्याचं कुंड गोठलं होतं, तर पाद्रीबाबांनी कोपराने बर्फ फोडला. आम्हाला वाटलं, आता हा टाहो फोडतो. पण डोक्यावर ते गार पाणी पडलं आणि त्याने... तुम्ही, धनी, तुम्ही नुसते डोळे उघडले. असे इकडे तिकडे बघत राहिलात. कोण कोण आलंय ते बघावं तसे."

पेट्रोनिलाने आपलं आसन जवळ सरकवलं, थोडं, मग आणखी थोडं. ती त्या वेळी बाळंतिणीच्या खोलीत होती. बाळंतिणीला चर्चमध्ये जाता येत नाही. तिथे काय झालं हे तिला कोणी कधी सांगितलंच नव्हतं.

"डोळे कसे होते?" तिने विचारलं.

"करडे, बाईसाहेब."

"माझे तर निळे आहेत," वॉरिन म्हणाला.

"बदलतात," पेट्रोनिला म्हणाली. "सांगा तुम्ही, थर्स्टन."

"मग बॅरनसाहेबांनी डगल्याच्या आत घेतलं आणि हिमातून परत आणलं. मी मशाल घेऊन पुढे. वाटेत दोनदा थांबले आणि डगला उघडून बघितलं, आहे ना म्हणून. मला म्हणाले, थर्स्टन, हा हसला. मी म्हटलं, मालक, एवढी लहान पोरं हसत नाहीत. तर म्हणाले, तू मशाल धर."

वॉरिन मान मागे टाकून हसला. मग त्याने सॉसेजचा मोठा तुकडा तोंडात घातला आणि दोन्ही कोपरं टेबलावर रोवून पुढे झुकला, लहानपणी गोष्ट ऐकायला झुकायचा तसाच.

"आणि मग? पुढे काय झालं?"

थर्स्टन आपल्या हातांकडे बघू लागला.

पेट्रोनिलाने हात लांब करून आपल्या थोराड पोराच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"पुढे तू मोठा झालास," ती म्हणाली. "जेव आता."